शार्दोने : गाव कोणते?

शार्दोने हे पांढऱ्या वाइनच्या एका द्राक्षाचे नाव आहे, त्या द्राक्षापासून होणाऱ्या वाइनचे नाव आहे आणि फ्रान्सच्या बुर्गोन्य प्रांतातल्या एका खेड्याचेही नाव आहे. शार्दोनेच्या ज्ञानाची परीक्षा म्हणजे पेल्यात ओतलेली वाइन बाटली न बघता हुंगून, चाखून ती कोणत्या देशातली, कोणत्या प्रांतातली आणि जमल्यास कोणत्या शिवारातली हे सांगणे. कागदावर प्रश्न पुष्कळ असले तरी मूळ प्रश्न एकच : गाव कोणते?

धाराशिव जिल्ह्यात, उमरगा तालुक्यातल्या मुरुम गावाला हा प्रश्न नवीन नाही. तिथे अनोळखी माणूस चहाच्या टपरीवर टेकला की नावाआधी ‘कोन्च्या गावचं म्हणायचं?’ एवढे विचारले जाते, आणि तो उत्तर देईपर्यंत विचारणाऱ्याचे उत्तर तयार असते. मराठीत कन्नडचा हेल किती मुरला आहे, त्यावरून पाहुणा आळंदच्या अंगाचा की लातूरच्या अंगाचा हे दोन वाक्यांत कळते. पाहुण्याला कोणी सर्टिफिकेट मागत नाही आणि ओळखणाऱ्यालाही कोणी देत नाही. वाइनच्या जगात याच कामाचे कोर्स चालतात, त्यांची फी भरावी लागते आणि पास होणाऱ्याला नावापुढे दोन अक्षरे लावता येतात.

परीक्षेचा पहिला पेपर उच्चाराचा असतो, मात्र तो वेळापत्रकात छापलेला नसतो. बाटलीवरची रोमन अक्षरे सरळ वाचली तर ‘चार्डोन्नाय’ असे काहीतरी होते आणि उमेदवार बूच निघण्यापूर्वीच नापास होतो. फ्रेंच शब्दातली शेवटची अक्षरे लग्नातल्या मानकऱ्यांसारखी असतात. बसायला पुढे, कामाला कुठे नाही. मोंराशे या प्रसिद्ध मळ्याच्या नावात ‘ट’ दोनदा लिहितात आणि एकदाही उच्चारत नाहीत. सीमेवरच्या माणसाला याची फार धास्ती वाटू नये. घरात कन्नड, शाळेत मराठी आणि बाजारात दखनी बोलून ज्याचा दिवस निघतो, त्याला आणखी एक भाषा चुकीची बोलायला किती वेळ लागणार! शिवाय खुद्द मुरुम गावाच्या नावातला ‘रु’ ऱ्हस्व की दीर्घ, यावर रस्त्यावरच्या पाट्यांचे अजून एकमत झालेले नाही.

दुसरा पेपर कुळाचा. शार्दोने हे बरीच वर्षे मोठ्या घरचे द्राक्ष समजले जात होते. 1999 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या कॅरोल मेरेडिथ आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी डीएनए तपासून त्याची वंशावळ प्रसिद्ध केली. एका बाजूला पिनो निघाला, तो घरंदाजच. दुसऱ्या बाजूला निघाली ग्वे ब्लां. ही गावठी वेल शेतकरी कुठल्याही पडीक तुकड्यावर लावत, आणि तिची वाइन इतकी सुमार मानली जाई की तिच्यावर वेळोवेळी बंदीचे हुकूम निघाले होते. दोन्ही वेली शेजारी शेजारी वाढल्या आणि पुढचे परागांनी परस्पर जमवले. त्या एका अभ्यासात सोळा जाती याच जोडप्याच्या ठरल्या. आलिगोते आणि गामे ही शार्दोनेची सख्खी भावंडे. पत्रिका न बघता झालेल्या संबंधातून इतके नाव काढणारी लेकरे निघाली, तर मराठवाड्यात अशा वेळी आजोळाचे नाव हळू आवाजात घेतात. वाइनच्या पुस्तकांतही ग्वे ब्लांची बोळवण एखाद्या ओळीतच होते.

इतक्या नामवंत द्राक्षाला स्वतःची अशी ठसठशीत चव नाही, आणि परीक्षेची खरी अडचण तिथेच आहे. सोव्हिन्यों ब्लां पेल्यात असली की दारातूनच वर्दी देते. मस्कतचा वास तर शेजारच्या घरात कळतो. शार्दोनेचा स्वभाव बदलीवर फिरणाऱ्या मास्तरासारखा आहे. ज्या गावी नेमणूक, तिथली बोली तोंडात. थंड प्रदेशात वाढले तर हिरव्या सफरचंदाची आणि लिंबाची आंबट चव येते, मध्यम हवेत पीच आणि खरबूज, उष्ण प्रदेशात अननस आणि आंबा. परीक्षेच्या शब्दकोशात आंब्यापुढे नुसते ‘आंबा’ लिहिलेले असते, आणि मराठवाड्यातला विद्यार्थी इथे पहिल्यांदा पेन खाली ठेवतो. केसर म्हणायचा की गावरान? पाडाचा की अढीतला? रायवळ असेल तर कोणाच्या बांधावरचा? साऱ्या जगाच्या आंब्यांना एकच शब्द पुरवणाऱ्यांनी नाजूक जिभेची परीक्षा घ्यावी, हे जरा धाडसाचेच आहे. उलट हेझलनट, ब्रिओश, ओला गारगोटी-दगड या वासांना पूर्ण गुण असतात. भाजलेल्या शेंगा, तापल्या तव्यावर पलटलेली भाकरी आणि पहिल्या पावसाने भिजलेला ओटा हे शब्द उत्तरपत्रिकेत लिहिले तर तपासणारा समासात प्रश्नचिन्ह काढण्याची शक्यता जास्त.

दगडाचा विषय निघाला की शाब्लीला जावे लागते. बुर्गोन्यच्या उत्तर टोकाची ही थंड जागा. इथे शार्दोने सोडून दुसरे द्राक्ष शाब्लीच्या नावाने विकता येत नाही. पायऱ्या चार : पेटी शाब्ली, शाब्ली, प्रीमिए क्रू आणि ग्रां क्रू. सर्वांत वरच्या पायरीवर एकाच टेकडीच्या उतारावरचे सात तुकडे, सगळे मिळून सुमारे शंभर हेक्टर. पाठ न करणारा उमेदवार या सातांपैकी सहाव्या नावावर हमखास अडकतो. वसंतात दहिवर पडून कोंब जळू नयेत म्हणून तिथले शेतकरी रात्रभर वेलींच्या ओळींतून मोठाल्या मेणबत्त्या पेटवून ठेवतात. तिथली जमीन किमेरिजियन काळातल्या चुनखडीची आहे, साधारण पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाची, आणि दगड फोडला तर आत नखाएवढ्या कालवांचे शिंपले सापडतात. त्यामुळे शाब्लीच्या पेल्यात समुद्र, शिंपला आणि दगड यांची चव लागते असे सांगणाऱ्यांची एक मोठी परंपरा तयार झाली. वेल्समधले भूवैज्ञानिक अलेक्स मॉल्टमन या परंपरेला बरीच वर्षे सबुरीने समजावत आहेत, की वेलीच्या मुळातून दगडाची चव वर चढत नाही. जमिनीचा उपयोग पाणी किती थांबते, किती निथळते आणि मुळांना ऊब किती मिळते यासाठी. मॉल्टमन यांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे आणि वाइन विकणाऱ्यांना गैरसोयीचे आहे, त्यामुळे ते सर्वांना मान्य आहे आणि कोणी पाळत नाही.

जमीन आणि गाव यांच्या नात्याला फ्रेंच लोक ‘तेर्वार’ म्हणतात आणि हा शब्द उच्चारताना डोळे किंचित मिटतात. मराठीत याच अर्थाचे गाव प्रत्यक्ष वसलेले आहे. काळ्या बसाल्टचा झिजून झालेला तांबूस-करडा भुगा म्हणजे मुरूम : पाणी धरून न ठेवणारा, निचऱ्याला उत्तम, मुळांना खाली ढकलणारा. द्राक्षबागायतदार जमीन बघताना वरची माती कमी आणि खालचा मुरूम जास्त बघतो. काळ्या चिबाड रानात बाग लावणाऱ्याला शेजारी दोन वर्षांनी सांत्वनाला येतात. म्हणजे फ्रान्सने ज्या गुणाची शे-दोनशे पुस्तके लिहिली, तो गुण इथे गावाच्या नावातच येऊन बसला आहे. मात्र मुरूम हा माल मराठवाड्यात ब्रासवर विकला जातो, टिपरने येतो आणि रस्त्याच्या कामावर पडतो. त्याची चव घ्यायची पाळी एसटीच्या मागे मोटारसायकल चालवणाऱ्यावर येते, आणि त्याची टिपणे कोणी ठेवत नाही.

जमिनीनंतर पिंप. पुष्कळ शार्दोने ओकच्या लाकडी पिंपात मुरवली जाते. बुर्गोन्यचे पिंप 228 लिटरचे असते, आणि ते बनवताना आतून आगीवर शेकतात. लोणच्याच्या बरणीला हिंगाची धुरी देण्यापेक्षा यात निराळे काही नाही. फक्त धुरी देणाऱ्या आजीला पगार नसतो. शेकलेल्या लाकडातून व्हॅनिला, लवंग, भाजलेला पाव असे वास वाइनमध्ये उतरतात. नवे पिंप महाग, म्हणून स्वस्तातले कारखाने स्टीलच्या टाकीत ओकच्या ढलप्या पोत्यात भरून बुडवतात, चहाच्या पुडीसारख्या. परीक्षेत खरे पिंप आणि ढलप्या ओळखाव्या लागतात. बाजारचा मसाला आणि घरी कुटलेला काळा मसाला वासावरून ओळखणाऱ्या घरातल्या मुलीला हा प्रश्न सोपा जाईल. तिला परीक्षेला बसू देणे मात्र घरातल्यांना जड जाईल.

लोण्याचा मुद्दा वेगळा आणि मराठी माणसाच्या जास्त जवळचा. साखरेची दारू झाल्यावर वाइनमध्ये दुसरा एक फेरफार होतो. सफरचंदात असते तसले तीव्र मॅलिक आम्ल काही जिवाणू खातात आणि त्याचे दह्यातले सौम्य लॅक्टिक आम्ल करतात. या उलाढालीत डायअसिटिल नावाचा पदार्थ तयार होतो, आणि लोण्याला लोण्याचा वास देणारा पदार्थ तोच. म्हणजे शार्दोनेत लोणी लागते असे म्हणणारा माणूस थापा मारत नसतो. ताक घुसळणाऱ्या बाईला जे मडक्यात कळते, तेच त्याला पेल्यात कळते. कॅलिफोर्नियाने 1980 नंतर हा प्रकार इतका वाढवला, की तिथली शार्दोने लोणी, व्हॅनिला आणि पिकले अननस यांनी जड झाली. मराठीत लोणी लावणे याचा जो अर्थ आहे, त्या अर्थानेही ते लोणीच होते, आणि गिऱ्हाईक खूश झाले. पुढे त्याचा वीट येऊन ‘शार्दोने सोडून काहीही द्या’ म्हणणाऱ्यांचा पंथ निघाला. त्यातले बरेच जण शाब्ली मात्र आनंदाने मागवत, कारण शाब्ली म्हणजे शार्दोनेच, हे त्या बाटलीवर लिहिलेले नसते.

प्रदेशांचा पेपर सर्वांत लांब आणि सर्वांत गमतीचा. बुर्गोन्यच्या कोत द बोन भागात प्युलिन्यी आणि शासान्य ही दोन खेडी आहेत. दोन्हींच्या हद्दीत मोंराशे नावाचा मळा निम्मा निम्मा पडतो, सगळा मिळून आठ हेक्टरच्या आसपास. 1879 मध्ये दोन्ही गावांनी मळ्याचे नाव आपल्या नावाला जोडून घेतले. गावापेक्षा शेत मोठे झाल्याचे हे उदाहरण. महाराष्ट्रात एका नावाची दोन गावे झाली तर बुद्रुक आणि खुर्द करून मिटवतात. मळा वाटून घ्यायची वेळ आली तर तहसीलमध्ये तारखा पडतात. शेजारचे म्यर्सो तितकेच नामांकित, पण त्याच्याकडे ग्रां क्रू दर्जाचा एकही मळा नाही. हा प्रश्न परीक्षेत दरवेळी सापळा म्हणून येतो आणि दरवेळी माणसे सापडतात. कोर्तोंच्या टेकडीवर शार्लमान्य बादशहाच्या नावाचा मळा आहे. बादशहाच्या पांढऱ्या दाढीवर तांबड्या वाइनचे डाग पडतात म्हणून राणीने तिथे पांढरी द्राक्षे लावायला लावली, अशी दंतकथा आहे. तिला इतिहासाचा आधार नाही, धुण्याचा आहे.

फ्रेंचांच्या या खानदानी दिमाखाला 24 मे 1976 रोजी पॅरिसमध्येच धक्का बसला. स्टीव्हन स्परिअर या इंग्रज दुकानदाराने कॅलिफोर्नियाच्या सहा आणि बुर्गोन्यच्या चार शार्दोने झाकून ओतल्या आणि फ्रेंच परीक्षकांपुढे ठेवल्या. कॅलिफोर्नियाची वाइन तोंडात घेऊन एका परीक्षकाने, आता कुठे फ्रान्समध्ये परतलो, असा सुस्कारा सोडल्याचे नोंदलेले आहे. पहिली आली शातो मॉन्टेलेना 1973. ती घडवणारे माइक गर्गिच हे क्रोएशियातून अमेरिकेत गेलेले. निकाल ऐकल्यावर एका परीक्षक बाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितली आणि स्परिअरने ती दिली नाही. ग्रामपंचायतीची मतमोजणी पाहिलेल्या माणसाला या प्रसंगात नवल वाटण्याजोगे काही नाही, एवढेच की फेरमोजणीचा अर्ज आला नाही.

ऑस्ट्रेलियाच्या हंटर खोऱ्यात शार्दोने रुजली ती कुंपणावरून. मरे टिरेल नावाच्या बागायतदाराने रात्री शेजारच्या मोठ्या कंपनीच्या तारेच्या कुंपणावरून उडी मारून छाटलेल्या काड्या पळवल्या, असे सांगतात. त्यातून 1971 साली त्यांची पहिली शार्दोने निघाली. पश्चिम किनाऱ्यावरच्या मार्गारेट रिव्हरमध्ये जिनजिन नावाचा वाण आहे. त्याच्या एकाच घडात बोराएवढे आणि ज्वारीएवढे मणी एकत्र लागतात, आणि तज्ज्ञ त्याच्या चवीवरून जीव ओवाळून टाकतात. सोलापूर-तासगावच्या बागायतदाराने असा घड निर्यातीला काढला तर एजंट गाडीतून उतरणारसुद्धा नाही. दक्षिण आफ्रिकेची गोष्ट सर्वांत ओळखीची. बाहेरच्या काड्या आणण्याचे नियम फार कडक होते, म्हणून 1980 च्या सुमारास काही बागायतदारांनी शार्दोनेच्या काड्या चोरून आणल्या. वेली वाढल्या, फळे आली, वाइन झाली, आणि मग कळले की बऱ्याच काड्या ओसेरवा नावाच्या भलत्याच द्राक्षाच्या होत्या. चौकशी आयोगही बसला. बियाणे उगवल्यावर पिशवीवरचे नाव आणि शेतातले पीक यांची गाठ न पडणे हा प्रकार मराठवाड्याला समजावून सांगावा लागत नाही. चोरीच्या मालाची तक्रार कुठे करायची, एवढाच प्रश्न तिथे जास्तीचा होता.

चिलीचे कासाब्लांका, न्यूझीलंडचे कुमेऊ आणि शांपान्यचे ‘ब्लां द ब्लां’ हे प्रत्येकी पाच गुणांचे विषय आहेत. शांपान्यबद्दल लक्षात ठेवायचे ते हे, की काळ्या द्राक्षांचीही पांढरी वाइन निघते. म्हणून निव्वळ शार्दोनेची असली तर ‘पांढऱ्यातून पांढरी’ असे मुद्दाम सांगावे लागते.

महाराष्ट्राचा धडा बहुतेक पाठ्यपुस्तकांत नसतो, तो इथे घालणे भाग आहे. 1980 च्या दशकात शामराव चौगुले यांनी जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला फ्रेंच कंपनीचे तंत्र घेऊन फेसाळती वाइन काढली आणि ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशात पाठवली. तिच्यासाठी फ्रान्सहून आणलेल्या वेलींत शार्दोने होती. राज्याने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले आणि नाशिक वाइनचे माहेर झाले. पण नाशिकला शेनां ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां जास्त मानवली. शार्दोनेला डोळे लवकर फुटतात, उतारा कमी पडतो आणि पिकताना ऊन वाढले की तिचे आंबटपण पळते. फ्रान्सची वेल हिवाळ्यात झोपते. इथली झोपत नाही, म्हणून तिला वर्षातून दोनदा कात्री दाखवावी लागते : एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरल्यावर फळछाटणी. थंडीत फुलोरा, फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडा. मधल्या काळात केवडा आणि भुरी या दोन्ही रोगांशी फवारणीचा करार. याच वेलीला फ्रान्समध्ये कवी भेटतात, इथे कृषी सहायक.

मुरुमला सर्वांत जवळची नामांकित शार्दोने सोलापूरच्या पलीकडे, अकलूजच्या अंगाला होते. ऊस, घोडेबाजार आणि लावणी महोत्सव यांनी ओळखल्या जाणाऱ्या माळशिरस तालुक्यात मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेक्की बंधू यांनी मिळून फ्राटेली ही वाइनरी उभी केली. इटालियनमध्ये फ्राटेली म्हणजे भाऊ. तीन घरचे भाऊ एका धंद्यात आणि धंदा चालू, ही नोंद महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात वेगळी व्हायला हवी. मोटेवाडी, गारवाड, निमगाव ही त्यांच्या मळ्यांची गावे. वाइन घडवायला तस्कनीचे पिएरो मासी आले, आणि मासी व 1976 च्या परीक्षेचे तेच स्टीव्हन स्परिअर यांच्या आद्याक्षरांनी ‘एम/एस’ नावाची वाइन निघाली. तिच्या पांढऱ्या प्रकारात शार्दोने आहे. पॅरिसमध्ये फ्रेंचांची झोप उडवणाऱ्या माणसाचे आद्याक्षर सोलापूर जिल्ह्यातल्या बाटलीवर आले, ही बातमी उमरग्याच्या स्टँडपर्यंत पोचली नाही. तिथे त्याच सुमारास उसाच्या बिलाची चर्चा चालू होती.

बाटली पोचायचे ठिकाणही सोपे नव्हते. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी ‘वाइन शॉप’ नावाची पाटी असते, आणि त्या दुकानात सर्वांत कमी मिळणारी वस्तू म्हणजे वाइन. व्हिस्की आहे, रम आहे, बिअर थंड आहे. शार्दोने मागितली तर दुकानदार आधी गिऱ्हाइकाकडे आणि मग फळीच्या मागे बघतो, आणि उन्हाळे काढलेली धुळकट बाटली हाती आली तर तिच्यात सफरचंद, आंबा, लोणी यांपैकी काही उरलेले नसते. त्यातही एक उलटापालट आहे. ज्या उसाची साखर व्हायची त्याच्या मळीपासून दारू होते, आणि ज्या द्राक्षाची वाइन व्हायची त्याचे बेदाणे होतात. 27 जानेवारी 2022 ला राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांच्या वरच्या सुपरमार्केटांत वाइन ठेवायला मान्यता दिली. विरोधकांनी महाराष्ट्राचे ‘मद्यराष्ट्र’ होईल असा आरोप केला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय अडला. त्या चर्चेत शाब्ली आणि म्यर्सो यांतला फरक कोणी विचारला नाही, हे सभागृहाच्या शिस्तीला धरूनच झाले.

परीक्षागृहाची पद्धत ठरलेली आहे. ट्यूलिपच्या आकाराचा 215 मिलिलिटरचा पेला. आधी रंग : लिंबू-हिरवा, लिंबू, सोनेरी की अंबर. मग वास, मग चव, आंबटपणा, अंग, शेपटी, आणि शेवटी निष्कर्ष. मास्टर ऑफ वाइन या सर्वांत कठीण परीक्षेत तीन दिवसांत बारा-बारा अशा छत्तीस वाइन ओळखाव्या लागतात. 1953 साली ही परीक्षा पहिल्यांदा झाली तेव्हा एकवीस बसले आणि सहा पास झाले. भारतात राहून हा किताब पहिल्यांदा मिळवला तो मुंबईच्या सोनल हॉलंड यांनी, 2016 मध्ये. छत्तीस वाइन पोटात गेल्या तर सदतिसाव्या प्रश्नाला नाव लिहिता येणार नाही, म्हणून प्रत्येक घोट पिकदाणीत थुंकायचा असतो. थुंकी बारीक धारेने, लांबून आणि न उडवता टाकणे ही कला समजली जाते, आणि नवखे युरोपीय विद्यार्थी ती घरी बाथरूममध्ये गिरवतात. या एका विषयात महाराष्ट्राची पूर्वतयारी वादातीत आहे. जिन्याचे कोपरे साक्ष देतील. फक्त पिकदाणीच्या आत थुंकायचे, हा नियम नव्याने शिकवावा लागेल.

एवढे करून निकाल किती भरवशाचा? 2001 मध्ये बोर्दोच्या संशोधकांनी पांढऱ्या वाइनला चव नसलेला लाल रंग लावून वाइनशास्त्राच्या चौपन्न विद्यार्थ्यांपुढे ठेवली. त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केले : चेरी, मनुका वगैरे. कॅलिफोर्नियात रॉबर्ट हॉजसन यांनी स्पर्धेच्या परीक्षकांना एकच वाइन एकाच बैठकीत तीनदा ओतून दिली. गुण जवळपास तेच ठेवणारे परीक्षक दहांत एखादाच निघाला. आणि 2018 मध्ये वाइन वाढणाऱ्या तज्ज्ञांच्या मास्टर सोमेलिये परीक्षेचा पेपर फुटला. पेपर म्हणजे ओतायच्या वाइनची माहितीच आधी बाहेर गेली, आणि नुकतेच पास झालेल्या तेवीस जणांचा चाखण्याचा निकाल रद्द झाला. पेपरफुटीची बातमी वाचायला सरावलेल्या मराठी वाचकाला यातला एकच तपशील परका वाटेल : निकाल महिन्या-दोन महिन्यांतच रद्द झाला.

मुरुमच्या बाजारात चाखण्याची परीक्षा सुगीत रोज सकाळी होते. बाजारभावाच्या यादीत मुरुमपुढे तुरीचा प्रकार ‘गज्जर’ असा लिहिलेला असतो. आडतीवर ढीग पडतो. खरेदीदार येतो, ढिगाच्या माथ्यावरचे न घेता कोपरापर्यंत हात घालून तळची मूठ काढतो, तळहातावर पसरतो, फुंकर मारतो आणि एक दाणा दाढेखाली धरतो. कट् असा आवाज आला तर माल वाळलेला. दाणा दबला तर,

‘अप्पा, माल ओला हाय की.’

‘ओला कुठला वो शेठ? चार दिस ऊन दिलंय.’

‘मळणीला पाऊस लागला व्हता तुमच्याकडं. आलूरच्या शिवारातला ना?’

अप्पा गप्प बसतात, कारण शिवार बरोबर ओळखलेले असते. रंग, वास, चव, अंग, निष्कर्ष हे सगळे अर्ध्या मिनिटात उरकते. ओलावा मोजायचे यंत्र टेबलावर असते, पण बोली दाढेवर लागते. मास्टर ऑफ वाइनच्या उमेदवाराला दर्जा लिहावा लागतो, स्वतःच्या खिशातून पैसे मोजावे लागत नाहीत. इथे चुकीच्या उत्तराचा दंड क्विंटलमागे बसतो. पिंपातून दरवर्षी उडून जाणाऱ्या दारूला फ्रेंच लोक ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. शेतमालाच्या वजनातून अशाच अदृश्य रीतीने जे जाते त्याला मराठवाड्यात ‘कडता’ म्हणतात, आणि तो देवदूत नेतात असे शेतकऱ्याला कधी वाटलेले नाही.

वाइनच्या परीक्षेत पेल्यात उरलेली शार्दोने, ती मोंराशेची असली तरी, शेवटी पिकदाणीत ओततात. बाजारात चावून टाकलेले दाणे चिमण्या टिपतात. मुठीतून सांडलेली तूर दुपारी हमाल खराट्याने एकत्र लोटतो, खडे-मातीसकट पोत्यात भरतो आणि ती मातेरे म्हणून वेगळ्या भावाने जाते. त्यात मातीची चव कितपत उतरली आहे, हे कोणी दाढेखाली धरून बघत नाही.